तळहातावरचं तीर्थ गळायला लागलं तेव्हा: करंगळीच्या नसेबद्दल

गडग्यावरचा

गेल्या वर्षी श्रावणात शेजाऱ्यांकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी उजव्या हातावर पळीभर तीर्थ दिलं आणि ते तोंडापर्यंत जायच्या आत करंगळीच्या बाजूने मनगटावर ओघळलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. तळहाताचा खळगाच होत नव्हता. घरी आल्यावर जेवताना लक्ष दिलं, तर वरणभात कालवताना बोटांच्या फटीतून वरण गळत होतं. बोटं एकमेकांना चिकटत नव्हती.

त्याआधी दीड वर्ष सकाळी उठल्यावर करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या यायच्या. हात अंगाखाली आला असेल म्हणून झटकायचो आणि कामाला लागायचो. माझी चूक झाली ती इथे. तुमच्यापैकी कुणाची होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

ही नस म्हणजे अल्नर नर्व्ह. डॉक्टरांनी मला तिचा रस्ता कागदावर काढून दाखवला, तेव्हापासून मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय. हाताच्या तीन मोठ्या नसा: रेडियल, मीडियन आणि अल्नर. अल्नर निघते मानेच्या तळाशी. मानेतून बाहेर पडणारी आठवी नस आणि छातीची पहिली नस यांचे धागे तिच्यात येतात. (मानेचे मणके सातच, पण नसांच्या जोड्या आठ. हे वाचून मी दोनदा मोजलं.) काखेत या सगळ्या नसांचं एक जाळं असतं, ब्रेकियल प्लेक्सस. त्यातून सुटून ती दंडाच्या आतल्या बाजूने, धमनीच्या सोबतीने खाली येते. दंडाच्या मध्यावर स्नायूंमधला एक पडदा भेदून मागे जाते आणि कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागतं, त्याच्या मागच्या खोबणीत शिरते. एवढ्या प्रवासात, अख्ख्या दंडात, ती कुणालाही एकही फांदी देत नाही.

कोपर दाराच्या चौकटीला आपटलं की करंगळीपर्यंत जो करंट बसतो ना, तो हाडाचा नसतो. तो हिचा. त्या खोबणीत तिच्यावर फक्त कातडी आणि एक पातळ पट्टा. मागे कठीण हाड. बोटाने चाचपली तर दोरीसारखी सरकते.

पुढे हाताच्या आतल्या कडेने मनगटाला येते, तिथल्या वाटाण्याएवढ्या गोल हाडाशेजारून एका छोट्या बोगद्यातून तळहातात उतरते आणि मग तिथे तिचं खरं काम सुरू होतं. बोटं फाकवणं, जुळवणं, तळहाताचा द्रोण करणं, अंगठा तर्जनीला घट्ट दाबणं. तळहातातल्या छोट्या स्नायूंपैकी जेमतेम पाच मीडियनकडे, बाकी जवळजवळ सगळे हिच्याकडे. किल्ली फिरवणं, शर्टाचं बटण, एका हाताने पोळीचा तुकडा मोडणं, सगळं हिच्यावर चालतं. मला पोळी दोन हातांनी तोडावी लागत होती आणि मी ते मुलांपासून लपवत होतो.

स्पर्शाचं तर मी स्वतः कापसाने करून पाहिलं. करंगळी पूर्ण बधिर. अनामिका मात्र अर्धीच. बोटाच्या मधोमध पेनाने उभी रेघ ओढावी, तसं रेघेच्या अलीकडे कापूस कळत होता, पलीकडे नाही. एकाच बोटाच्या दोन बाजू दोन वेगळ्या नसांच्या.

आता माझ्या बाबतीत हे का झालं ते. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी पडला होतात का?" सहा वर्षांचा असताना गावी गडग्यावरून पडलो होतो. कोपर सुजलं. आजोबांनी हाडवैद्याकडे नेलं, त्याने लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या, महिन्याभरात सूज उतरली. एक्स-रे झालाच नाही. हात चालू लागला, पण सरळ सोडला की कोपरापासून बाहेर झुकलेला दिसायचा. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. कोपराच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा तुकडा कधी जुळलाच नव्हता. हात जसजसा बाहेर वळत गेला तसतशी आतल्या बाजूची नस ताणली जात राहिली. चाळीस वर्षं.

ऑपरेशनला नऊ महिने झाले. नस खोबणीतून सोडवून कोपराच्या पुढच्या बाजूला आणून ठेवली आहे. पुढचं प्रतिसादात लिहीन. कुणाला असा अनुभव असेल तर जरूर सांगा.

शेवंती_वाई

वाचताना नकळत स्वतःचं कोपर चाचपत होते. खूप नीट लिहिलं आहे.

मला रात्री मुंग्या येऊन जाग येते, पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. उठून हात झटकला की बरं वाटतं. हीच नस का?

हाताची_काळजी

शेवंतीताई, तुमची नस दुसरी आहे, मीडियन. ती मनगटाच्या मध्यातून, एका घट्ट पट्ट्याखालून जाते आणि तिथे दबते. त्याला कार्पल टनेल म्हणतात. हातातल्या नसा दबण्याच्या तक्रारींत तो पहिल्या क्रमांकावर, आणि कोपराशी अल्नर दबणं दुसऱ्या. कुठली बोटं हे नीट सांगता आलं की अर्धं निदान तिथेच होतं. दाखवून घ्या, आणि तोवर रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा लावा. थायरॉईड आणि साखरही तपासा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बहुतेक काम हातांचंच. गडग्यावरचा यांनी लिहिलंय त्यात थोडी भर घालते.

कोपर वाकवलं की ती खोबण अरुंद होते आणि नस हाडावर ताणली जाते. म्हणून हात उशीखाली दुमडून झोपणारे, तासन्‌तास फोन कानाला लावणारे, टेबलाच्या कडेवर कोपर रोवून बसणारे यांना हा त्रास जास्त. नुसत्या मुंग्या असतील, ताकद शाबूत असेल, तर पुष्कळ जणांचं ऑपरेशनशिवाय भागतं. मी पेशंटना रात्री कोपराभोवती पंचा सैलसर गुंडाळायला सांगते, म्हणजे झोपेत हात पूर्ण दुमडत नाही. साधा उपाय आहे, पण सहा-आठ आठवडे नेमाने करावा लागतो. दोन रात्रींनी सोडून देणारेच जास्त भेटतात, आणि मग फार वाईट वाटतं.

घरी एक पाहता येईल. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या कडेत वर्तमानपत्राचा कागद धरा आणि दोन बाजूंना ओढा. ज्या बाजूची अल्नर कमजोर, त्या अंगठ्याचं टोक पटकन वाकतं. अंगठा तर्जनीला दाबणारा स्नायू अल्नरचा आहे. तो चालेना म्हणून मीडियनचा, टोक वाकवणारा स्नायू मदतीला येतो. फ्रेंच डॉक्टर ज्यूल फ्रोमां यांनी १९१५ साली हे लिहून ठेवलं, तेही वर्तमानपत्रच घेऊन. शंभर वर्षांनंतरही मी रोज हीच परीक्षा करते.

दोन_चाकी

माझा प्रकार थोडा वेगळा. पुणे ते महाबळेश्वर सायकलने गेलो, परत आल्यावर दोन्ही करंगळ्या बधिर. पण हाताची मागची बाजू, म्हणजे करंगळीकडचा पंजाचा वरचा भाग, अगदी नॉर्मल. कोपराला काही लागलेलं नाही. हे कोपराचंच असेल का?

अस्थिवेध

दोन_चाकी, तुम्ही स्वतःचं उत्तर स्वतःच दिलंय. पंजाच्या मागच्या बाजूला स्पर्श देणारी फांदी मनगटाच्या पाच-आठ सेंटिमीटर आधीच अल्नरमधून फुटते. कोपराशी नस दबली तर ती फांदीही बधिर होते. मनगटाशी दबली तर ती सुटलेली असते. तुमचा मागचा भाग शाबूत, म्हणजे घोटाळा मनगटातल्या बोगद्यात. त्याला ग्यूयाँचा बोगदा म्हणतात, फ्रेंच सर्जन फेलिक्स ग्यूयाँ यांनी १८६१ मध्ये वर्णन केला म्हणून. हँडलवर तळहाताच्या टाचेवर भार टाकून खूप तास गेले की सायकलवाल्यांत हे दिसतं. हातांची जागा बदलत राहा, जाड हातमोजे वापरा, हँडल थोडं वर घ्या. तीन-चार आठवड्यांत उतरलं नाही किंवा ताकद कमी वाटली तर थांबू नका.

गडग्यावरचा यांच्या केसबद्दल. लहान मुलांच्या कोपराचं हे फ्रॅक्चर फसवं असतं. बाहेरच्या बाजूचा तुकडा बराचसा कूर्चेचा, म्हणजे अजून कठीण न झालेल्या मऊ हाडाचा, त्यामुळे एक्स-रेतही लहानसा दिसतो. त्याला हाताचे स्नायू ओढत राहतात, सांध्यातलं पाणी त्याच्याभोवती खेळत राहतं, आणि तो सरकलेला असेल तर आपणहून जुळत नाही. वेळेत तारा घालून बसवला तर मूल पुढे विसरूनही जातं. नाहीतर हात बाहेर वळतो आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी करंगळी बधिर होते. पानास नावाच्या सर्जनने उशिरा येणारा हा लकवा १८७८ साली नोंदवला होता. आपल्याकडे आजही असे पेशंट येतात, आणि प्रत्येकाच्या कहाणीत लहानपणीचं एक झाड किंवा एक भिंत असते.

रानपाखरू

लेख चांगला आहे पण हाडवैद्यांवर खापर फोडलेलं पटलं नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाड बसवतात, माझं मनगट त्यांनीच बसवलं, आज काही त्रास नाही.

गडग्यावरचा

रानपाखरू, खापर नाही फोडत. तो माणूस रात्री कंदील घेऊन आमच्या घरी आला होता, पैसे घेतले नव्हते. एक्स-रे काढायचा तर तेव्हा अर्ध्या दिवसाचा एसटीचा प्रवास होता, आणि पावसात साकव वाहून गेलेला. आजोबांनी त्यांना जे शक्य होतं ते केलं. माझं म्हणणं आजच्या आईवडिलांना आहे. मुलाचं कोपर सुजलं तर आधी एक्स-रे. मनगट आणि कोपर यांत फरक आहे, अस्थिवेध यांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा.

निवृत्त_पायपीट

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, बहुतेक विदर्भात. या नसेवर मी आयुष्यभर बोट ठेवलं आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही गावात सर्वेक्षणाला गेलो की चट्टा पाहायचो आणि मग नस. माणसाला समोर उभं करायचं, त्याचं कोपर वाकवून आपल्या हातात घ्यायचं आणि आतल्या हाडामागे बोटाच्या पेराने हळूच नस गोल फिरवायची. दोन्ही बाजू. निरोगी नस मऊ, बारीक. आजारी नस सुतळीसारखी, कधी कधी करंगळीएवढी जाड लागते. दाबताना नजर नसेवर ठेवायची नाही, त्याच्या चेहऱ्यावर ठेवायची. दुखतं हे तोंडाने सांगणार नाही, पण डोळे बारीक होतात. हे आम्हाला एका जुन्या मुकादमांनी शिकवलं.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. त्याला थंडावा लागतो, शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा कमी. म्हणून तो कातडी, नाक, कानाची पाळी आणि कातडीलगतच्या नसा धरतो. कोपरामागे अल्नर अगदी वरवर असते, म्हणून हातात पहिला घाला बहुतेक तिच्यावर. आमची तपासणी तीन हालचालींची: करंगळी बाहेर काढ, अंगठा वर उचल, मनगट मागे कर. पहिली अल्नर, दुसरी मीडियन, तिसरी रेडियल. आणि स्पर्शासाठी बॉलपेनचं टोक. डोळे मिटून जिथे लागलं तिथे बोट ठेवायचं.

एक बाई होती, तिशीची. पाठीवर फिकट चट्टा, न खाजणारा, न दुखणारा, त्यामुळे कुणी पाहिलाच नव्हता. ती दवाखान्यात आली ती भाकरी थापता येत नाही म्हणून. भाकरी थापायला बोटं सरळ आणि जुळलेली लागतात. तिची करंगळी आणि अनामिका नखांशी वळून आत आली होती, पीठ दाबलं जायचं पण पसरायचं नाही. करंगळीच्या कडेला तव्याचे डाग, एकावर एक, तिला एकाचीही जाणीव नव्हती. सासू म्हणायची, कामचुकारपणा करते.

नस बिघडून सहा महिन्यांच्या आत पेशंट हाती लागला तर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या कोर्सने पुष्कळदा ताकद परत येते. तिला उशीर झाला होता. औषधांनी आजार गेला, बोटं मात्र तशीच राहिली. आम्ही तिला रोज हात पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून तेल लावायला शिकवलं, भांड्यांना कापडाच्या मुठी शिवून दिल्या, सांडशीशिवाय चुलीशी जायचं नाही असं बजावलं. पुढे बोटांची शस्त्रक्रिया झाली. चालू असलेल्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, वळवून बोटांना जोडतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी कुष्ठरुग्णांच्या हातांवर हे काम सुरू केलं. तोवर लोकांची समजूत होती की या रोगात बोटं आपोआप झडतात. बोटं झडत नाहीत. कळत नाही म्हणून भाजतात, कापतात, आणि जखमा चिघळून झिजतात. ही समजूत खोडायला आमची उमर गेली.

वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली तेव्हा या रोगावर डॅप्सोन एवढंच होतं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि चित्र पालटलं. २००५ अखेर देशात दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, असं जाहीर झालं. पण रोग संपलेला नाही, नवे रुग्ण दरवर्षी सापडतात, आणि लोक आता विसरल्यामुळे उशिरा येतात. बधिर चट्टा दिसला, किंवा करंगळी वळायला लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध मोफत आहे.

शेवंती_वाई

काका, भाकरीचं वाचून काही वेळ पुढे वाचताच आलं नाही.

तळ्याकाठी

वाचनखूण साठवली. एक शंका, सगळे नसांना बी-१२ सांगतात. त्याने हे बरं होतं का?

अस्थिवेध

बी-१२ कमी असेल तर त्रास सहसा दोन्ही पायांत सुरू होतो, मोज्यासारखा. एकाच हाताची दीड बोटं बधिर असतील तर नस कुठेतरी दबली आहे, ती जागा शोधायची. कमतरता असेल तर गोळ्या जरूर घ्या, पण गोळ्या खात सहा महिने वाट पाहू नका. मधुमेहींनी तर नाहीच, त्यांच्या नसा दाबाला लवकर बळी पडतात.

हाताची_काळजी

निवृत्त_पायपीट काका, तुमच्या हाताखाली शिकायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

गडग्यावरचा, बोटं आता कशी आहेत? मधल्या काळात वळण वाढल्यासारखं वाटलं का?

गडग्यावरचा

हो, आणि तेच लिहायचं होतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात करंगळी आणि अनामिका आधीपेक्षा जास्त आत वळायला लागली. मी घाबरून रात्री झोपलो नाही. वाटलं ऑपरेशन फसलं. दुसऱ्या दिवशी फिजिओने माझ्या हाताचा कोपराजवळचा स्नायू दाबून दाखवला, तो घट्ट लागत होता. ती म्हणाली, हा सुधारतोय. नस वरून खाली बरी होत येते. बोटांची टोकं वाकवणारा स्नायू कोपराजवळ, त्याला आधी जीव आला आणि त्याने बोटं ओढायला सुरुवात केली. बोटं सरळ धरणारे छोटे स्नायू तळहातात, त्यांच्यापर्यंत नस अजून पोचलीच नव्हती. म्हणून बरं होताना हात काही काळ जास्त वाईट दिसतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती.

अस्थिवेध

अगदी बरोबर. नस कोपराशी तुटली तर वळण कमी आणि मनगटाशी तुटली तर जास्त, याचं कारणही हेच. विद्यार्थ्यांना परीक्षेत हमखास विचारतो.

नुसता दाब असेल तर मोकळं केल्यावर काही आठवड्यांत फरक पडतो. आतला धागाच मेला असेल तर नवा धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत तीसेक सेंटिमीटर धरले तर दहा महिने. आणि नस न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षानंतर तंतुमय होऊन जातो, मग धागा पोचूनही उपयोग नाही. आमची सगळी घाई या दोन आकड्यांमुळे असते. तुम्ही किती उशिरा आलात?

गडग्यावरचा

मुंग्या सुरू झाल्यापासून दीड वर्षाने, पण ताकद जायला लागल्यापासून साधारण तीन महिन्यांनी. डॉक्टर म्हणाले, पूर्ण येईल असं वचन देत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या मागचा उंचवटा बसला होता, तिथे अजून खळगाच आहे. करंगळीला मात्र गरम-थंड कळतं, चहाच्या पेल्याची कड जाणवते.

काल कागदाची परीक्षा पुन्हा केली. करंगळी आणि अनामिका यांच्यात वहीचा कागद धरला, हिने ओढला, लगेच सुटला. मग तिने कपाटातून एक जाड लग्नपत्रिका काढली आणि ती धरायला दिली. ती दोन आकडे मोजेपर्यंत राहिली. मे महिन्यात तीही राहत नव्हती. आता दर रविवारी मोजणार आहे, इथे लिहीत जाईन.